अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पैशाची बातमी खरी किती आणि पक्षाची किती, हे तुम्ही कसं ठरवता?

वृंदा_कोथरूड

नमस्कार मंडळी. मी कोथरूडला राहते, कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. प्रश्न जरा लांबतोय, पण मागचं पुढचं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

माझे मामा न्यू जर्सीत आहेत आणि मावसभाऊ टेक्ससमध्ये. दोघंही तिथे मतदान करतात, आणि दोघांची मतं अगदी विरुद्ध. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मामा ट्रम्प यांच्या क्लिप टाकतात: त्यांच्या नावाचं क्रिप्टो नाणं घेणाऱ्यांसाठी मे २०२५ मध्ये दिलेलं जेवण, कतारने देऊ केलेलं बोइंग ७४७ विमान. त्यावर मावसभाऊ बायडेन बापलेकांनी लाच घेतल्याची क्लिप टाकतो. निवेदक ओरडतोय, खाली लाल पट्टी धावतेय, मागे युद्धाला शोभेल असं संगीत. गणपतीत आरतीच्या व्हिडिओ कॉलवर यावरून अशी जुंपली की आजीने फोन ठेवायला लावला. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही.

घरचं मी बघून घेईन. मला काळजी वर्गाची आहे. याच क्लिप हिंदी आवाज चढवून बारावीच्या मुलांच्या मोबाइलवर येतात आणि मुलं विचारतात, "मॅडम, अमेरिकेचा अध्यक्ष पैसे घेऊन माफी देतो, हे खरंय?" 'दोन्ही बाजू वाचा' हे उत्तर त्यांना पुरत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. दोन्हीकडून आरडाओरडाच येत असेल तर दोन्ही ऐकून डोकं दुखेल, निर्णय होणार नाही.

तर पुण्यात बसलेल्या साध्या माणसाने कशावरून ठरवायचं? कृपया 'सगळेच चोर' असं उत्तर देऊ नका. सतरा वर्षांच्या मुलाला ते सांगणं म्हणजे मोठा झाल्यावर मत द्यायला जाऊ नकोस असं सांगणं आहे.

जुना_लेखापरीक्षक

वृंदाताई, मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो. पतसंस्था, दूध संघ, एकदोन साखर कारखाने यांच्या किर्दी-खतावण्या बघण्यात नोकरी गेली. मुलगी तिकडे गेल्यापासून अमेरिकेचं राजकारण वाचायला लागलो, पण वाचायची सवय जुनीच राहिली. कोण काय बोललं ते बाजूला ठेवायचं आणि पैसा कुठल्या खात्याखाली लिहिलाय ते शोधायचं. मला वाटतं तुमच्या मुलांना हेच शिकवावं.

ट्रम्प यांच्यापासूनच घ्या. स्टॉर्मी डॅनियल्स प्रकरणात चॅनेलवाल्यांनी काय दाखवलं? हॉटेलची खोली, बाईंच्या मुलाखती, कोण काय पेहरलं होतं. न्यूयॉर्कच्या कोर्टात मात्र काम चाललं ते कागदांवर. ट्रम्प यांचे वकील मायकेल कोहेन यांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये, मतदानाच्या तोंडावर, त्या बाईंना ट्रम्प यांच्याशी असलेल्या संबंधांबद्दल गप्प राहण्यासाठी १,३०,००० डॉलर दिले. २०१७ मध्ये ती रक्कम कोहेन यांना फेडली गेली, आणि वह्यांत ती वकिलाची फी म्हणून लिहिली गेली. ३४ आरोप ऐकून लोकांना वाटतं ३४ भानगडी असतील. तसं नाही. ११ बिलं, १२ खतावणीतल्या नोंदी, ११ चेक. बेरीज ३४. यातल्या बहुतेक चेकवर सही खुद्द ट्रम्प यांची, आणि तेव्हा ते अध्यक्ष होते. ३० मे २०२४ ला ज्यूरीने सगळ्या ३४ आरोपांत दोषी ठरवलं. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी कसलीही शिक्षा न देता सोडलं, आणि ट्रम्प यांनी निकालाविरुद्ध अपील केलं. एवढं सगळं सांगावं, अर्धवट सांगू नये.

आता दुसरी बाजू. २०१६ च्याच निवडणुकीत हिलरी क्लिंटन यांची मोहीम आणि डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्रीय समिती यांनी ट्रम्प यांच्या रशियाशी असलेल्या संबंधांची टिपणं करून घ्यायला पैसे दिले. पैसे गेले पर्किन्स कुई या वकिली कंपनीकडे, तिथून फ्यूजन जीपीएस या शोधकाम करणाऱ्या कंपनीकडे, आणि त्यातून माजी ब्रिटिश गुप्तहेर क्रिस्टोफर स्टील यांचा तो गाजलेला अहवाल तयार झाला. खर्चाच्या विवरणपत्रात काय लिहिलं? वकिली सेवा. २०२२ मध्ये तिथल्या निवडणूक आयोगाने मोहिमेला ८,००० आणि पक्ष समितीला १,०५,००० डॉलर दंड लावून प्रकरण मिटवलं. त्या अहवालातला सगळ्यात घाणेरडा भाग वर्षानुवर्षं टीव्हीवर चघळला गेला आणि तो कधीच सिद्ध झाला नाही. दंडाची बातमी किती जणांनी ऐकली?

दोन्हीकडे खातं तेच. मी तपासणीला गेलो की 'किरकोळ खर्च' आणि 'वकील फी' ही दोन खाती आधी उघडायचो. वकिलाने नेमकं काम काय केलं हे संचालक मंडळात कोणी विचारत नाही, म्हणून नको तो खर्च तिथे बसतो. एका पतसंस्थेत (नाव सांगत नाही) अध्यक्षांच्या दुसऱ्या घरोब्याची चर्चा अख्ख्या गावात होती. पारावर, सलूनमध्ये, एसटीत तोच विषय. त्याच अध्यक्षांनी घरच्या लग्नाचा मांडव 'वार्षिक सभा खर्च' म्हणून टाकला होता, त्याबद्दल चकार शब्द नाही. ठेवीदारांचे पैसे गेले ते मांडवात. घरोब्याने त्यांचा रुपया बुडाला नव्हता. गावच्या चर्चेने अध्यक्षांचं काही बिघडलं नाही, उलट 'खासगी आयुष्यावर चिखलफेक' म्हणून त्यांना सहानुभूती मिळाली. म्हणून सनसनाटीचा मला राग आहे. ती खोटी असते म्हणून नव्हे, कित्येकदा खरीच असते. पण तिच्या आवाजात हिशेबाचा प्रश्न बुडतो.

हे आजचं नाही. निक्सन यांचं वॉटरगेट सगळ्यांना टेपांमुळे आठवतं. पण सुरुवातीला धागा कुठे लागला? वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात पकडलेल्या चोरांपैकी एकाच्या मायामीच्या बँक खात्यात २५,००० डॉलरचा चेक जमा झाला होता, आणि तो निक्सन यांच्या फेरनिवडणुकीसाठी गोळा केलेल्या पैशातला निघाला. वॉशिंग्टन पोस्टने १ ऑगस्ट १९७२ ला ते छापलं. त्याच वर्षी ७ एप्रिलपासून देणग्या जाहीर करण्याचा नवा कायदा लागू झाला होता, आणि त्या तारखेच्या आत रक्कम आणून टाकायची देणगीदारांची घाई झाली होती. तारीख बघायची ती यासाठी.

तुमच्या मावसभावाच्या क्लिपचं बोलू. बायडेन बापलेकांनी प्रत्येकी ५० लाख डॉलर लाच घेतली, हे एफबीआयच्या एका खबऱ्याने सांगितलं होतं. २०२३ मध्ये ते महिनोन् महिने चॅनेलवर चाललं. बँकेची एकही नोंद कोणी दाखवली नाही. तो खबऱ्या, अलेक्झांडर स्मिर्नोव्ह, फेब्रुवारी २०२४ मध्ये खोटं सांगितल्याबद्दल पकडला गेला, डिसेंबरमध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याला ६ वर्षांची शिक्षा झाली. ती क्लिप टाकून द्या. पण हंटर बायडेन यांनी युक्रेनच्या बुरिस्मा कंपनीच्या संचालक मंडळावर बसून पैसे घेतले ते कागदावर आहे. निदान १४ लाख डॉलरचा कर वेळेवर भरला नाही हे त्यांनी कोर्टात कबूल केलं, तेही कागदावर आहे. आणि 'मुलाला माफी देणार नाही' असं सांगत आलेल्या वडिलांनी १ डिसेंबर २०२४ ला माफी दिली. ही टाकून द्यायची नाही. भाऊ जे ओरडून सांगतोय ते खोटं आहे, आणि जे त्याला सांगायला हवं होतं ते या तीन ओळींत आहे.

मामांना सांगा की तुमच्या क्लिपमध्ये ओरडण्यापेक्षा तारखा जास्त हव्यात. २२ मे २०२५ ला व्हर्जिनियातल्या ट्रम्प यांच्या गोल्फ क्लबवर जेवण झालं, ते नाणं सगळ्यात जास्त बाळगणाऱ्या २२० जणांसाठी, आणि त्याची जाहिरात उघड केलेली होती. ८० टक्के नाणी ट्रम्प यांच्याशी जोडलेल्या कंपन्यांकडे. सर्वांत मोठे धारक जस्टिन सन, ज्यांच्यावरचा तिथल्या रोखे आयोगाचा खटला फेब्रुवारीत थांबवला गेला होता. या तारखा शेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतो. गुन्हा सिद्ध होत नाही, हेही मुलांना तितक्याच जोराने सांगा. माफीचं म्हणाल तर, बिल क्लिंटन यांनी अध्यक्षपदाच्या शेवटच्या दिवशी, २० जानेवारी २००१ ला, फरार व्यापारी मार्क रिच याला माफी दिली. त्याच्या आधीच्या पत्नीने डेमोक्रॅटिक पक्षाला १० लाख डॉलरहून जास्त आणि क्लिंटन यांच्या ग्रंथालयाला ४,५०,००० डॉलर दिलेले होते. चौकशी झाली, आरोप कोणावरही ठेवला गेला नाही. तरी ती माफी मला आजही खटकते.

मीनल_औंध

काका, तुम्ही ३४ गुन्हे आणि ८,००० डॉलरचा दंड एकाच रांगेत बसवलेत. वाचणाऱ्याला वाटेल दोन्ही सारखंच. मला हे पटत नाही. एकीकडे फौजदारी खटला, ज्यूरी, निकाल. दुसरीकडे आयोगाने तडजोडीत मिटवलेलं प्रकरण, ज्यात चूक कबूलही केलेली नाही. 'दोन्हीकडचे बघा' या नादात मोठं लहान दिसायला लागतं, आणि पक्षाच्या चॅनेलना हेच हवं असतं.

जुना_लेखापरीक्षक

मीनलताई, रांगेत बसवलं ते खात्याचं नाव सारखं आहे म्हणून. वजन सारखं नाही, तुमचा मुद्दा रास्त आहे. वजन कशावर ठरतं ते लिहितो.

न्यूयॉर्कच्या कायद्यात धंद्याच्या वह्यांत खोटी नोंद करणं हा एरवी किरकोळ गुन्हा. दुसरा गुन्हा लपवण्याच्या हेतूने केली तर तो गंभीर होतो. मतदारांपासून काही दडवण्यासाठी बेकायदा खटपट झाली, असं सरकारी पक्षाने मांडलं आणि ज्यूरीने मानलं. क्लिंटन मोहिमेने पैसा कोणाला दिला ते दाखवलं होतं, कशासाठी ते चुकीचं दाखवलं. तो पैसा मोहिमेच्याच खात्यातून गेला होता. आमच्याकडेही लेखापरीक्षणात 'दुरुस्त करा' असा शेरा वेगळा आणि 'गुन्हा दाखल करा' असा शेरा वेगळा. दोन्ही लिहायचे असतात. पहिला लिहिला म्हणून दुसरा सौम्य होत नाही.

आणि त्या खटल्यात आणखी एक गोष्ट निघाली, ती वर राहिली. नॅशनल एन्क्वायरर या सनसनाटी साप्ताहिकाच्या प्रकाशकांनी साक्ष दिली की कॅरेन मॅकडूगल या बाईंची हकीकत त्यांनी १,५०,००० डॉलर देऊन विकत घेतली. छापायला नव्हे, न छापायला. तेच साप्ताहिक प्रतिस्पर्ध्यांबद्दल काय वाटेल ते छापत होतं. सनसनाटी म्हणजे सगळं चव्हाट्यावर आणणं असं लोक समजतात. इथे ती कुलूप लावायला वापरली गेली.

रात्रपाळी

मी पुण्यातल्या एका दैनिकात परदेश पान बघायचो, म्हणून थोडं माझ्या बाजूने. लेखापरीक्षक काकांचं म्हणणं मला मान्य आहे, पण त्यात एक मोठी जागा मोकळी राहते. आज अमेरिकेत सगळ्यात मोठा पैसा लपवलेलाच नाही. खतावणी स्वच्छ आहे. जानेवारी २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सिटिझन्स युनायटेड खटल्यात ठरवलं की कंपन्या आणि संघटनांनी निवडणुकीत स्वतंत्रपणे केलेल्या खर्चावर बंदी घालता येणार नाही. त्यातून सुपर पॅक आले, म्हणजे मर्यादेशिवाय पैसा गोळा करून स्वतंत्रपणे खर्च करणाऱ्या समित्या. २०२४ मध्ये इलॉन मस्क यांनी एकट्याने २५ कोटी डॉलरहून जास्त खर्च केला आणि तो आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतो. थेट उमेदवाराला द्यायची देणगी मात्र त्या वेळी एका निवडणुकीला ३,३०० डॉलरपर्यंतच. समोरचा दरवाजा अरुंद, बाजूची भिंतच काढलेली. इथे कुठली खोटी नोंद शोधणार?

दुसरं, चॅनेलबद्दल एक ठोकताळा सगळीकडे दिसतो: १९८७ मध्ये 'फेअरनेस डॉक्ट्रिन' (वादाच्या प्रश्नावर दोन्ही बाजू दाखवायचा नियम) रद्द झालं म्हणून फॉक्स न्यूज जन्माला आलं. तो नियम हवेतून प्रक्षेपणाचा परवाना असलेल्या रेडिओ आणि टीव्ही केंद्रांसाठी होता. केबलला लागू नव्हता. तो जाण्याचा परिणाम झाला रेडिओवरच्या राजकीय बडबडीवर. फॉक्स ऑक्टोबर १९९६ मध्ये केबलवर आलं, एमएसएनबीसी त्याच वर्षी जुलैत. प्रेक्षक रात्रभर बसून राहिला पाहिजे हे दोघांचंही गणित. चेकवरच्या सहीने कोणी बसून राहत नाही, आणि १९९८ मध्ये मी ते टेबलावर रोज बघितलं. बिल क्लिंटन यांच्या १९९६ च्या निवडणूक निधीची चौकशी, देणगीदारांना व्हाइट हाउसमध्ये लिंकन यांच्या शयनगृहात मुक्काम, यावर एजन्सीकडून व्यवस्थित मजकूर यायचा. मोनिका लेविन्स्की यांच्याशी क्लिंटन यांच्या संबंधांचं प्रकरण आलं आणि तो मजकूर यायचाच थांबला. जागेचा प्रश्न पानावर नंतर येतो, आधी तो एजन्सीच्या तारेवर येतो.

२०२० च्या निकालाबद्दल फॉक्सने मतदान यंत्रांच्या डोमिनियन कंपनीवर आरोप चालवले. खटल्यात चॅनेलचे आतले निरोप उघड झाले, त्यात निवेदकांचाच त्यावर विश्वास नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. दुसऱ्या बाजूला सीबीएसने सप्टेंबर २००४ मध्ये बुश यांच्या लष्करी सेवेबद्दल कागदपत्रं दाखवली, ती अस्सल असल्याचं सिद्ध करता आलं नाही आणि माफी मागावी लागली.

पुण्यातल्या माणसाला हे नवीन नको वाटायला. 'केसरी' आणि 'मराठा' सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा कोल्हापूरचे दिवाण बर्वे तिथल्या महाराजांचा छळ करतात असं दाखवणारी पत्रं त्यांत आली. पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. हेतूबद्दल शंका घ्यावी अशी ती माणसं नव्हेत. तळमळ इतकी होती की पत्रं खरी असावीत असं वाटत होतं. वृंदाताई, हे मुलांना जरूर सांगा. खोटी बातमी फक्त लबाड माणूसच छापतो असं त्यांच्या मनात बसायला नको.

हडपसर_गाडीतळ

आपल्याकडचं पण सांगा की वर्गात. निवडणूक रोखे. जानेवारी २०१८ मध्ये योजना आली, १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरवली. सहा वर्षं देणाऱ्याचं नाव गुप्त, पण रोख्यावर अतिनील प्रकाशातच दिसणारा क्रमांक होता. कोर्टाने स्टेट बँकेला तो द्यायला लावल्यावर मार्चमध्ये कोणी कोणाला दिले ते जुळवता आलं. सगळ्यात मोठी खरेदी १,३६८ कोटींची, फ्यूचर गेमिंग या लॉटरीच्या कंपनीची, जिच्यावर ईडीची कारवाई झालेली होती. अमेरिकेत २०० डॉलरच्या वर दिले की नाव, पत्ता, नोकरी सगळं लिहावं लागतं. आपल्याकडे पक्षाला २०,००० रुपयांपर्यंत नाव जाहीर करायची गरज नाही. मुलं चिडतील, चिडू द्या.

वृंदा_कोथरूड

सगळ्यांचे आभार, मनापासून. मी पुढच्या आठवड्यात दोन तास यासाठी काढणार आहे. पहिल्या तासाला ३४ आरोपांची ती फोड फळ्यावर मांडेन, ११, १२, ११. दुसऱ्याला रोखे आणि डोंगरी. मीनलताई, शिक्षा आणि दंड यांतला फरक मी वेगळा शिकवेन, तुमच्यामुळे तो सुटणार नाही.

काका, एक शंका. रात्रपाळी म्हणतात तसं पैसा कायदेशीर आणि उघड असेल, तर तुमची खतावणी बघायची रीत तिथे काय कामाची? मुलं हे विचारणार, मला माहीत आहे.

जुना_लेखापरीक्षक

विचारू द्या. उघड पैशाला मी एक कागद आडवा धरून तीन रकाने आखतो: पैसा कधी दिला, निर्णय कधी झाला, आणि चॅनेलने ते पहिल्यांदा कधी सांगितलं. तिसरा रकाना कोरा राहिला की तिथे थांबायचं. मस्क यांच्या नावाने करून बघा, एका तासात भरतो.

आणि एक खातं आवर्जून बघायला सांगा: अध्यक्षांचं ग्रंथालय. त्याच्या न्यासाला किती द्यावं यावर मर्यादा नाही, आणि कोणी दिलं ते सांगण्याची सक्तीही नाही. मार्क रिच प्रकरणात ते आलंच. आता त्यात बातमीवालेही आलेत. डिसेंबर २०२४ मध्ये एबीसीने ट्रम्प यांचा मानहानीचा दावा मिटवताना दीड कोटी डॉलर त्यांच्या भावी ग्रंथालयाच्या नावाने द्यायचं कबूल केलं. जुलै २०२५ मध्ये सीबीएसच्या मालक पॅरामाउंट कंपनीने, कमला हॅरिस यांच्या मुलाखतीच्या काटछाटीवरून ट्रम्प यांनी लावलेला दावा १ कोटी ६० लाख डॉलरना मिटवला, तेव्हा तिच्या स्कायडान्सबरोबरच्या विलीनीकरणाची फाइल सरकारी दूरसंचार आयोगापुढे होती. मंजुरी आली २४ जुलैला. त्या मुलाखतीत काय कापलं, यावर दोन्ही बाजूंनी भरपूर आरडाओरडा झाला. तुमच्या मुलांना तीन रकाने याच प्रकरणापासून भरायला लावा. तारखा सगळ्या उपलब्ध आहेत.